बांगडी वाजली की थांबायचं

सासऱ्यांशी मी बोललेला पहिला शब्द ‘थांबा’. तोही असा ओरडून, की गल्लीतली माणसं आपापल्या ओट्यावर आली.

तोवर लग्नाला तीन वर्षं झाली होती. तीन वर्षं एका घरात राहायचं, त्यांच्या ताटात गरम भाकरी वाढायची, त्यांचं धोतर वाळत घालायचं, आणि बोलायचं मात्र नाही, अशी आमच्याकडची रीत. सासरा समोर आला की सुनेने डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढायचा आणि बाजूला व्हायचं. सासऱ्याने घरात शिरताना दाराशी खाकरायचं. काही सांगायचंच असलं तर सासूकडून. जेवण वाढलंय हे कळवायला सुनेने बांगड्या वाजवायच्या. मी वाजवत असे.

माहेर माझं धुळ्याचं. तिथे मी सायकलवरून कॉलेजला जायची आणि तोंडाची आधीपासूनच तिखट. पाठवणीच्या वेळी आईने रडता रडता कानात सांगितलं ते एवढंच, “तिथे तरी जीभ आवर गं बाई.” मी आवरली. पण आवरलेली जीभ कुठेतरी निघतेच. माझी भांड्यांवर निघायची.

सासर चोपड्याजवळच्या खेड्यातलं. केळीचा मळा, थोडा कापूस, गोठ्यात एक म्हैस. नवरा वरणगावला कारखान्यात होता, रविवारी यायचा. बाकी आठवडाभर घरात आम्ही तिघंच. सासरे, त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. सासू, त्या सगळ्यांच्या अक्का. आणि मी.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. दिवाळीच्या तोंडावर माझ्या शिक्षिकेच्या नोकरीचा हुकूम आला. डी.एड. करून मी त्याची किती वाट पाहिली होती ते माझं मला माहीत. गाव मिळालं ते सातपुड्याच्या पायथ्याचं, आमच्यापासून बारा-एक किलोमीटर. शाळा सकाळची, आणि तिकडे जाणारी एकुलती एक एस.टी. दुपारची. दिवाळीची सुट्टी संपली की पहिल्या सकाळी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. तिथे खोली घेऊन एकटीने राहणं आमच्या घरात कोणी मनातही आणलं नसतं. नवरा वाईट नव्हता हो, पण म्हणाला, “राहू दे ना. पुढच्या वर्षी जवळचं गाव मिळेल.” पुढचं वर्ष कोणी पाहिलंय? अक्का म्हणाल्या, “घरमा काय कमी शे?” त्या संध्याकाळी मी भाकऱ्या अशा थापल्या की परातीला पोचा आला. आबा जेवले आणि हात धुवून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गोठ्यातून जुनी स्कूटर ओढून बाहेर काढली.

ती स्कूटर म्हणजे कोंबड्यांचं घर झालं होतं. कधीकाळी आबा तिच्यावरून मळ्यात जात. मग ती बंद पडली ती पडलीच. इंजिन जाम, किक दाबली तर हलेना. चोपड्याच्या गॅरेजवाल्याकडे माणूस पाठवला, तो म्हणाला दिवाळीनंतर सवडीने बघू. आबांनी त्याचा नाद सोडला आणि ओट्यावर गोणपाट अंथरलं. विहिरीवरचं डिझेल इंजिन ते जन्मभर स्वतःच खोलत आणि जोडत आलेले. त्यांच्या लेखी स्कूटरचं इंजिन म्हणजे त्याचंच लहान भावंड. फक्त जोडणीला दोन हात कमी पडत होते, आणि घरात मोकळे हात माझेच होते.

आता सासरा-सुनेने मिळून इंजिन खोलायचं कसं, न बोलता? पहिले दोन-तीन दिवस अक्का मधे बसल्या. आबा इंजिनात डोकं घालून म्हणायचे, “तिले सांग, तेरानंबर पाना दे.” अक्का उठून गेल्या त्या थेट चुना-कात लावून विड्याचं पान घेऊन आल्या. आबांनी एकदा पानाकडे बघितलं, एकदा अक्कांकडे, आणि पान खाल्लं. मी पदराआड तोंड दाबून हसले. पुढे रॉकेलमध्ये सुटे भाग धुवायला आबांनी अक्कांची पुरणाची पितळी परात उचलली, तेव्हा मात्र अक्कांचं डोकं फिरलं. “मी काय पोस्टमन शे का तुमना?” म्हणून त्या करंज्या करायला आत निघून गेल्या. त्या परातीत पुन्हा कधी पुरण काढलं नाही. परातीचा विषय काढला की अक्का पुढे कितीतरी वर्षं तोंड फिरवून बसत.

मग म्हैस आमच्यात आली. ओट्यासमोरच बांधलेली असायची. आबा तिच्याकडे बघून म्हणायचे, “रॉकेलनी बाटली कोठे ठेवी कोन जाने.” मी भिंतीकडे तोंड करून म्हणायची, “चुलीमागे असेल बाई.” आणि बाटली आणून त्यांच्या हाताच्या अंतरावर ठेवायची. म्हैस रवंथ करत असायची. असं आमचं बोलणं सुरू झालं, आणि खरं सांगते, तीन वर्षांत त्या घरात माझ्याशी एवढं कोणी बोललं नव्हतं. आबा म्हशीला सगळं समजावून सांगत. पिस्टन वर येतो, पेट्रोलचा वाफारा दाबतो, मग ठिणगी पडते. “ठिनगी येळवर पडाले पाहिजे. लई आधी पडनी ते लाथ मारस,” ते म्हणाले. म्हशीने कान हलवला. मी मात्र ते पक्कं लक्षात ठेवलं.

जाम झालेल्या पिस्टनवर रॉकेल ओतून ठेवलं होतं. तो सुटायला दिवस लागले. सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं निघालं. माझे हात कोपरापर्यंत काळे, आणि मधेच पदर घसरला की त्याच हातांनी पुढे ओढायचा. मग पदराच्या काठाला ऑइल, कपाळाला ऑइल. अक्का म्हणायच्या, “कुंकू लावं का काजळ लावं तूनं?” मी काही बोलत नसे, कारण आबा समोर असत.

सिलिंडर आतून झिजला होता. तो फडक्यात गुंडाळून कापडी पिशवीत घालून आबा सकाळच्या एस.टी.ने जळगावला गेले, लेथवर बोअर करून आणला आणि येताना नवा पिस्टन, नव्या रिंगा घेऊन आले. संध्याकाळी म्हशीला चारा घालताना म्हणाले, “दुकानना शेठले सांगं, सून गाडीवर शाळामा जाई. शेठ म्हने, मंग रिंगा चांगल्याच न्या.” मी आत पोळ्या लाटत होते. सून गाडीवर शाळेत जाईल! घरात अजून कोणी हो म्हटलं नव्हतं, नवऱ्याने नाही, सासूने नाही. आणि हा माणूस जळगावात परक्या मारवाडी दुकानदाराला बेधडक सांगून आला होता. माझं लाटणं थांबलं. डोळे पुसायला हात वर नेले तर पिठाचे, मग तशीच रडले थोडी.

अक्कांनी त्यांना एकदा विचारलंच, “तुमले काय पडेल शे इतकं?” आबा म्हणाले, “चालनारी वस्तू उभी ठेवी ते गंज चढस.” अक्का म्हणाल्या, “गाडीनं म्हनी राहिनात का आनखी कोनं?” आबा म्हणाले, “गाडीनंच ना.” आणि कानामागची बिडी काढून पेटवली.

पिस्टनवर सिलिंडर उतरवताना रिंगा बोटांनी दाबून धराव्या लागतात आणि दुसऱ्याने सिलिंडर वरून हळूच सरकवायचा असतो. मी दाबल्या, आबांनी सरकवला. बोटाला बोट लागू नये म्हणून दोघंही अशी अंग चोरत होतो की तिसऱ्या खेपेला कुठे तो बसला. सगळं जोडून झालं, राहिलं ते शेवटचं नाजूक काम. ठिणगी केव्हा पडायची ते ठरवायचं. त्याला आबा ‘टायमिंग’ म्हणत.

इंजिनाच्या चाकाला एक खिडकी असते. तिच्या आत दोन टिकल्यांएवढे पॉइंट असतात. ते एकमेकांपासून सुटले की ठिणगी पडते. पिस्टन खुणेवर उभा करायचा, पॉइंटच्या मधे पातळ कागद धरून अगदी अलगद ओढत राहायचं आणि दुसऱ्याने स्क्रू हळूहळू फिरवायचा. कागद सुटला, की तिथेच थांबायचं. त्याच्या पुढे केसभरही जायचं नाही. आबांची बोटं मळ्याच्या कामाने राठ झालेली, त्यांना कागदाचा ताण कळेना. माझ्या बोटांना कळत होता. मी आमच्या आकाशकंदिलाची एक लाल झिरमिळी फाडली आणि पॉइंटमध्ये धरली. पण कागद सुटला हे त्यांना सांगायचं कसं? एवढ्या क्षणात म्हशीला सांगून कुठे भागणार. आबा म्हशीला म्हणाले, “बांगडी वाजनी का मी थांबसू.”

झालं, ठरलं. त्यांनी स्क्रू फिरवला. कागद सुटला, मी बांगड्या वाजवल्या, ते फिरवतच राहिले. मी त्यांच्या नजरेसमोर हात हलवून पुन्हा जोरात वाजवल्या, तेव्हा थांबले. मला वाटलं, चालायचंच, किती तो फरक पडणार.

भाऊबीज होऊन गेली होती, नवरा सुट्टीवर घरी होता. मी त्या वर्षी धुळ्याला भावांकडेही गेले नव्हते. सगळ्यांच्या देखत आबांनी किक मारली. किकने उलटून त्यांच्या पोटरीवर सणसणीत लाथ हाणली, पण इंजिन सुरू झालं! काय तो आवाज. गल्लीतली पोरं नाचायला लागली. माहेरी भावाची स्कूटर मी मैदानात चालवलेली होती, ते सासरी कोणाला ठाऊक नव्हतं. मी ऐटीत बसले, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला.

आणि स्कूटर मागे गेली.

अहो, पुढचा गिअर आणि गाडी मागे! मी ब्रेक शोधेपर्यंत म्हशीच्या गव्हाणीत. म्हैस बिथरली, कडबा माझ्या अंगावर, डोक्यावरचा पदर कुठल्या कुठे. गल्ली लोटपोट झाली. कोणी म्हणालं, “मास्तरीणबाई शाळामा पाठमोऱ्या जातीन आते!” अक्कांनी कपाळाला हात लावला, “देवलेच नही पाहिजे हाई नोकरी.” नवरा हसला नाही, ते जास्त लागलं. दुसऱ्या सकाळी वरणगावला निघताना म्हणाला, “पुढच्या रविवारी आलो की नकाराचा अर्ज लिहून टाकू.” त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, शाळा उघडणार होती. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. घागर घेऊन पाण्याला गेले आणि हौदाशी बसून मनसोक्त चिडले, त्या स्कूटरवर, त्या दुपारच्या एस.टी.वर आणि स्वतःवर.

परत आले तर आबा गोणपाट पसरून बसलेले. म्हशीशी बोलत होते, पण या वेळी जरा हळू, स्वतःशी बोलल्यासारखे. ठिणगी फार आधी पडत होती. पिस्टन वर पोचायच्या आतच त्याला मागे ढकलत होती, म्हणून इंजिन उलटं फिरलं. आणि मग म्हणाले, “चूक बांगड्यानी नही. माले बांगड्या ऐकू नही येतस.”

मी घागर खाली ठेवली. आयुष्य विहिरीवरच्या इंजिनाशेजारी काढलेला माणूस. जाड आवाज त्यांना कळायचे, बारीक किणकिण कळायचीच नाही. तीन वर्षं मी बांगड्या वाजवून सांगत होते, जेवण वाढलंय, चहा ठेवलाय, दारात कोणी आलंय. त्यातलं एकदाही त्यांना ऐकू आलं नव्हतं. ते आपले अंदाजाने उठून येत होते, आणि मला वाईट वाटू नये म्हणून कोणाला सांगत नव्हते. टायमिंगच्या वेळीही माझा हात हललेला दिसेल या भरवशावर त्यांनी बांगडीचं ठरवलं असणार, पण नजर स्क्रूवर राहिली. मी आत जाऊन कंदिलाची आणखी एक झिरमिळी फाडून आणली आणि पॉइंटमध्ये धरली.

आबांनी स्क्रूला हात घातला. अक्का शेजारी सुपात तूर पाखडत होत्या. कागद घट्ट होता. घट्टच होता. मग जरासा ढिला झाला, आणि सुटला.

“थांबा!”

आबांचा हात जागच्या जागी थांबला. अक्कांचं सूप थांबलं. समोरच्या ओट्यावर दाढी करणारा माणूस अर्ध्या दाढीने उभा राहिला, आणि एकेका दारातून डोकी बाहेर आली. तीन वर्षांचा कोंडलेला आवाज तो, थोडा का असणार! मी काळ्या हाताने तोंड झाकलं. सासऱ्यावर ओरडलेली सून म्हणून आता आपलं नाव गावभर होणार, हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं.

आबांनी वर बघितलंच नाही. शांतपणे स्क्रू घट्ट केला. “आते बरोबर,” म्हणाले. मग गल्लीकडे वळून म्हणाले, “काय देखी राहिनात? गाडीले बोलनी ती.”

कोणाचा विश्वास बसला नाही, पण आबांनी म्हटल्यावर पुढे बोलायची कोणाची टाप नव्हती. फक्त अक्का सूप उचलताना पुटपुटल्या, “थांबा म्हननी, ते सारी गल्ली थांबनी.” आणि हसल्या. अक्का हसल्या, हे मी अजून विसरले नाही. त्या दुपारी किकने लाथ मारली नाही. पहिला गिअर टाकला आणि स्कूटर सरळ पुढे गेली, मारुतीच्या पारापर्यंत आणि वळून परत. रविवारी नवरा आला तेव्हा ती दारात पुसून उभी होती. अर्जाचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही.

मी आज निवृत्त आहे. त्या पायथ्याच्या शाळेपासून सुरुवात करून तालुक्यातल्या कितीतरी शाळांत शिकवलं, शेवटी मुख्याध्यापिका झाले. निरोप समारंभात लोकांनी माझ्या जिद्दीची वगैरे फार स्तुती केली. मी तिथेच उठून सांगितलं, जिद्द कसली, ती माझ्याकडे भांडी आपटण्यापुरती होती. माझी नोकरी ज्यांनी राखली ते माझ्या शाळेत कधी आलेही नाहीत. या माणसाचे उपकार माझ्यावर आहेत आणि ते फिटणार नाहीत, मला फेडायचेही नाहीत. असू देत अंगावर, बरं वाटतं.

पण मला सांगायची आहे ती त्या सोमवारची सकाळ. उजाडत होतं. अक्कांनी स्कूटरला हळदकुंकू लावलं, माझ्या पिशवीत भाकरीचं फडकं ठेवलं आणि नोकरीबद्दल एक अक्षर काढलं नाही. गल्ली जागी होती, सगळे बघायला उभे. मी नेहमीसारखा कपाळापर्यंत पदर घेऊन बसले. आबा दारात म्हशीजवळ उभे होते. मी किक मारली, गिअर टाकला.

“थांब!”

मी थांबले. आबा पुढे आले. म्हशीकडे बघितलं नाही, भिंतीकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघून बोलले, साऱ्या गल्लीच्या देखत.

“डोकावरना पदर काढ. कंबरले खोच. चाकमा जाई.”

डोक्यावरचा पदर काढ, असं आमच्या गावात कुठल्या सासऱ्याने सुनेला सांगितलं नव्हतं. मी अक्कांकडे बघितलं. त्या म्हणाल्या, “काढ ना मग. सांगी राहिनात ना ते.”

मी पदर काढला, कमरेला गच्च खोचला. डोक्याला सकाळचा गार वारा लागला. “येते, आबा,” म्हणाले. आणि त्यांना ऐकू जावं म्हणून चांगलं मोठ्याने म्हणाले.